घरात कोणी आजारी नव्हतं

४ जून

दादा,

घडलं ते क्रमाने लिहिते आहे. विशेषणं लावलेली नाहीत. कुठे चूक असेल तर क्रमांक लिहून दुरुस्ती पाठव.

१. आपल्या घरात कोणीच लस घेतलेली नव्हती तेव्हाची गोष्ट. साबणाचा कारखाना अर्धाच सुरू होता. तू सुगंधाची मिश्रणं घरी आणून जेवणाच्या टेबलावर करत होतास. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक दिवसाआड जात होते.

२. एका सोमवारी तू मला टेबलाशी बोलावलंस. म्हणालास, "नाक जरा चोंदलंय. यातली कुठली पट्टी जास्त गोड आहे सांग." मी सांगितलं. मंगळवारी आणि बुधवारीही सांगितलं. कागदाची तीच पट्टी आधी तुझ्या नाकाशी, मग माझ्या.

३. त्या शनिवारी माझा घसा खवखवला. दिवसभर अंग दुखलं. मी ते धुळीवर ढकललं.

४. पुढच्या आठवड्यात कारखान्यात लसीकरण झालं. मी लस घेतली. नवीन मिश्रण अर्धवट आहे म्हणून तू आला नाहीस.

५. मला रात्री ताप आला, सकाळी उतरला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी यंत्रासमोर उभी असताना छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी पडले.

६. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या महिन्यात घरात कोणी आजारी होतं का? ताप, खोकला, वास न येणं?" मला बोलता येत नव्हतं. ऐकू येत होतं. तू म्हणालास, "घरात कोणी आजारी नव्हतं."

७. त्यांनी लिहिलं: लसीनंतरची प्रतिक्रिया.

८. घरी आणल्यावर, लसीचं विष घामावाटे निघतं, असं तू ठरवलंस. मला रोज गच्चीपर्यंत जिने चढायला लावलंस. मी मधल्या पायरीवर बसले की खालून हाक यायची, "बसायचं नाही, घाम येऊ दे." महिन्याच्या आत मला अंथरुणातून उठता येईना.

९. तेव्हा तू माझा व्हिडिओ काढलास. मी झोपलेली, हात थरथरणारा, मागून तुझा आवाज: "लसीनं माझ्या बहिणीचं काय केलं ते बघा." तो फार लोकांनी पाहिला. मला विचारलेलं नव्हतं.

१०. मी घर सोडलं.

आता कामाचं. मी ज्या दवाखान्यात जाते तिथे लाँग कोविडच्या एका औषधाची चाचणी सुरू होते आहे. ज्यांचा आजार संसर्गानंतर सुरू झाला, त्यांनाच त्यात घेतात. माझ्या कागदांवर लस आहे. ती दुरुस्ती एकाच माणसाच्या सांगण्याने होऊ शकते. तुझा वास कोणत्या दिवशी गेला, तू कोविडची चाचणी केली होतीस का आणि तिचा निकाल काय होता, एवढंच हवं आहे. चार ओळी पुरतील.

पत्राच्या वर काय लिहायचं यावर थोडा वेळ गेला. आई असती तर तिने 'तीर्थरूप' लिहायला लावलं असतं.


१५ जून

दादा,

तुझं उत्तर वहिनींच्या फोनवरून आलं. तू शेजारीच बसलेला होतास. वहिनी एखादा शब्द विसरल्या की मागून तुझं गुरगुरणं ऐकू येत होतं.

"हे म्हणतायत की त्यांना नुसती सर्दी होती."

"सर्दी होती, तर मग घरात कोणी आजारी नव्हतं असं का सांगितलं?"

"हे म्हणतायत, सर्दीला काय आजार म्हणतात?"

"वास गेला होता का, विचारा."

मग तू स्वतःच फोन घेतलास. "हे बघ मोजपट्टी, तुझ्या डब्यात घालून माणूस मोजता येत नाही. लस घेतलीस आणि पडलीस. शेंबडं पोरही सांगेल काय झालं ते." आणि फोन ठेवलास.

मी क्रोमॅटोग्राफवर काम करायचे. त्याला तू आयुष्यभर 'डबा' म्हणालास. मिश्रणात कोणता घटक किती आहे हे डबा सांगतो, पण मिश्रण चांगलं झालंय का हे नाकच सांगतं, असं तुझं म्हणणं. ते मला मान्य होतं. कारखान्यात तुला 'नाकसाहेब' म्हणायचे तेव्हा मलाही बरं वाटायचं. पण शेंबड्या पोराबद्दल थोडं लिहायला हवं.

लस घेतली आणि पडले, यात दोन घटना आहेत. त्यांच्या आधी तिसरी घटना आहे आणि ती तू काढून टाकलीस. घटक काढून टाकला की डबाही चुकीचाच आलेख काढतो. त्यात डब्याचा दोष नसतो.

मी जाते त्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई साठीच्या आसपासच्या आहेत. मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, "माझ्या शरीरात बघून सांगता येईल का, लस की संसर्ग?"

"आलं असतं तर माझी रांग निम्मी झाली असती," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की नाडी धावणं, थकवा, हातापायांची आग, डोक्यात धुकं. दोन्हीकडे हेच दिसू शकतं. एका चाचणीने निवाडा होत नाही."

"आणि प्रतिपिंडं? अँटिबॉडीज?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वाचून आलीयस वाटतं. सांग, तुझं काय मत?"

मी सांगितलं. मला दिलेल्या लसीत विषाणूच्या बाहेरच्या काट्याचीच ओळख शरीराला करून दिली जाते. विषाणू स्वतः येऊन गेला असेल, तर त्याच्या आतल्या प्रथिनाविरुद्धही प्रतिपिंडं सापडतात. ती माझ्या रक्तात आहेत. म्हणजे मला संसर्ग झाला होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

तिथे मी थांबले. कारण गेल्या वर्षी मला पुन्हा एकदा संसर्ग झाला. आता रक्त एवढंच सांगतं की विषाणू कधीतरी आला होता. पहिल्यांदा कधी आला, लसीच्या आधी की नंतर, हे ते सांगत नाही. पडले त्या आठवड्यात रक्त तपासलं असतं तर काही कळलं असतं. पण घरात कोणी आजारी नव्हतं ना. मग कोण कशाला तपासेल?

"मग उरतो तो क्रम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी काय झालं, मग काय झालं. आणि क्रम माणसं सांगतात. तुझ्या घरातलं कोण सांगेल?"

जिने चढण्याबद्दलही मी विचारलं. त्या म्हणाल्या, आजार कुठलाही असता तरी अशा शरीराला इतकं दमवायला नको होतं, त्याने माणसं आणखी खचतात. म्हणजे क्रमांक आठमधली तुझी चूक दोन्ही निदानांना सारखीच लागू आहे. मी तुला अन्यायाने दोष देत नाही, हे लक्षात यावं म्हणून लिहिलं.

आणखी एक. व्हिडिओमुळे लसीने आजारी पडलेल्यांच्या एका गटाने मला शोधून काढलं होतं. मी तिथे दोनदा गेले. सगळे आपापली गोष्ट सांगतात. तिथे एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका होत्या. लस घेतल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयाला सूज आली. रक्त, हृदयाचे फोटो, आधी संसर्ग नसल्याची तपासणी, सगळं त्याच आठवड्यात झालेलं. लसीने इजा होते, क्वचित होते आणि त्यांना झाली. अजूनही त्यांना जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. तरी लोक त्यांच्या तोंडावर म्हणतात, "तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांपैकी का?"

मी त्यांना माझा क्रम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं ते आमच्यातलं नाही, बाई," त्या म्हणाल्या. "राग मानू नकोस. पण आमचं खरं आहे म्हणूनच सांगते, आमच्या ताटात दुसऱ्याचं वाढू नका. एक खोटं निघालं की दहा खरी वाया जातात."

मी राग मानला नाही. उठून आले. माझ्यासाठी तू जी खुर्ची मांडून ठेवली होतीस ती दुसऱ्या कुणाची होती. आणि माझ्या खुर्चीवर बसायला मला तुझी परवानगी लागते.

चार ओळी, दादा.


२४ जून

दादा,

रविवारी जेवायला बोलावलंत, आले. "बसून बोलू, फोनवर माणसं तुटतात," असं वहिनी म्हणाल्या होत्या. बसलो. बोललो नाही. तू मुद्दाम कारखान्याच्या पॅकिंग विभागातल्या काकांना बोलावून ठेवलं होतंस. परक्यासमोर मी विषय काढणार नाही, हे तुला माहीत होतं. ते बरोबर होतं.

जेवताना तू ताटाकडे न बघता जेवलास. भात, डाळ, भाजी, सगळं एकाच वेगाने. पूर्वी तू पहिला घास घ्यायच्या आधी ताटावर वाकायचास आणि आई म्हणायची, "नैवेद्य दाखवून झाला असेल तर जेवा."

ताटं उचलल्यावर मी पिशवीतून तीन पट्ट्या काढल्या. म्हटलं, "नवीन ठिकाणी थोडं काम मिळालंय, घरबसल्या. तीन नमुने आहेत. तुझं मत हवं होतं."

तू वहिनींकडे पाहिलंस. त्या स्वयंपाकघरात होत्या. नळ सुरू होता.

काका म्हणाले, "बघा बघा, शेवटी डब्याला नाकाकडेच यावं लागलं!" आणि स्वतःच हसले.

तू पहिली पट्टी घेतलीस. डोळे मिटलेस. ते डोळे मिटणं अगदी पूर्वीसारखं होतं, हे मान्य करते. म्हणालास, "खाली चंदन. वर लिंबाची साल. पण लिंबू जरा उथळ पडलंय." दुसरीला म्हणालास, "ही जास्त गोल आहे. गुलाब आहे, पण जुन्या वळणाचा." तिसरी बराच वेळ धरलीस. "ही नको. ही डोक्यात जाते."

"वा!" काका म्हणाले. "नाक असावं तर असं. आमची सौ. दूध जळून कोळसा होईस्तोवर हलत नाही."

तेवढ्यात वहिनी हात पुसत बाहेर आल्या. टेबलावरच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या. एक उचलून नाकाशी नेली. मग दुसरी. तिसरी उचललीच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही, पण त्याचं वर्णनही करणार नाही.

दादा, तिन्ही पट्ट्यांवर पाणी होतं. एकाच बाटलीतलं, तुझ्याच फिल्टरचं. तुझ्या न्हाणीघरात जाऊन मी त्या भिजवल्या होत्या.

मी तिथे काही बोलले नाही. काकांसमोर तुझी फजिती करायची असती तर तेव्हाच केली असती, हातात होतं. केली नाही, यात दया शोधू नकोस. मला एवढंच तपासायचं होतं की त्या सोमवारी गेलेला वास परत आला की नाही. आलेला नाही.

मी बदला घेते आहे का, असं तू वहिनींना विचारलंस म्हणे. हो. मी दोन वर्षं पडून छत बघितलं. मला तेवढा वेळ तू दिला होतास, तो मी वापरला. फक्त मी खोट्याने बदला घेणार नाही. त्याची मला गरज नाही. तुझ्याबाबतीत खरंच पुरेसं आहे.

औषधाच्या चाचणीतली नावं जुलैच्या मध्यात पक्की होतात. चार ओळी अजून आलेल्या नाहीत.


५ जुलै

दादा,

वहिनी माझ्या खोलीवर येऊन गेल्या. तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. त्या मला खाली भेटू म्हणत होत्या. मी म्हटलं, मला दिवसाला एकच जिना परवडतो आणि आजचा झाला आहे. मग त्या वर आल्या.

बसल्या आणि पहिलंच वाक्य, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं. कशाला उघडतेस?"

"मूठ त्यांची आहे, वहिनी. आत मी चिरडले गेले."

त्या रडल्या. मी पाणी दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या सोमवारी सकाळी तू घरीच कोविडची चाचणी केली होतीस. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. वहिनी म्हणाल्या, "तिला सांगा, मला सांगितलंत तसं." तू म्हणालास, "कारखान्यात कळलं की वास गेलाय, तर नाक म्हणून कोण ठेवेल मला? चार दिवसांत येईल परत." पण मिश्रण बुधवारपर्यंत द्यायचं होतं. म्हणून तू मला बोलावलंस.

म्हणजे तुला माहीत होतं. इतके दिवस मी सर्दीच्या गैरसमजाची एक शक्यता तुझ्या बाजूने धरून ठेवली होती. ती आता काढून टाकली आहे.

पुढचंही सांगितलं. वास परत आला तो वाकडा होऊन आला. कॉफी, कांदा, साबण, सगळ्याला जळक्या रबराचा दर्प. मग तोही गेला. दोन वर्षं मिश्रणं वहिनी हुंगतात. कारखान्यातलं कोणी समोर असलं की तू टेबलाशी बसतोस, त्या शेजारी भाजी निवडत बसतात आणि बोटाने टेबलावर खुणा करतात. एक टकटक गोड, दोन तिखट. "बिचारे जेवतात ते चावायचं म्हणून," त्या म्हणाल्या. "परवा मला विचारलं, तुझा वास कसा होता गं?"

यावर मला काय वाटलं, ते माझ्याकडेच ठेवते.

पण निदान मात्र लिहिते, कारण ते तुला कोणी सांगितलेलं नाही. तुला लाँग कोविड आहे. तुझ्या बाबतीत क्रमाचा वादसुद्धा नाही. वास गेला तेव्हा तू कुठलीही लस घेतलेली नव्हतीस आणि त्यानंतरही घेतली नाहीस. जो आजार नाही असं सांगून तू मला जिने चढवलेस, तो तुझ्या नाकात दोन वर्षं मुक्काम करून आहे. आपल्या दोघांत तुझं प्रकरण जास्त स्वच्छ आहे. डॉक्टरबाईंकडे वास परत शिकवण्याचे वर्ग असतात. रोज चार बाटल्या हुंगायच्या, महिनोन् महिने. सगळ्यांना फायदा होत नाही. काहींना होतो.

वहिनींचं म्हणणं मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐकीव आहे. औषधाच्या चाचणीत कोणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या समितीला स्वतः त्या माणसाचं लागेल. आणि दबावाखाली दिलेलं नको. तू त्यांना काही धमकी वगैरे दिलेली नाहीस ना?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार केला. पाण्याच्या पट्ट्यांचं पत्र ही धमकीच होती: लिही, नाहीतर कारखान्यात सांगेन. आता तू चार ओळी लिहिल्यास तरी त्या मला गप्प करण्यासाठी लिहिल्या असं कोणीही म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. धाक दाखवून घेतलेला जबाब म्हणजे मळक्या भांड्यात घेतलेला नमुना. मी असे नमुने परत पाठवत आले आहे. स्वतःच्या वेळी घेणार नाही.

त्यावर उपाय एकच होता. धमकी काढून टाकायची. आणि काढून टाकायचे दोन मार्ग होते: ती मागे घेणं किंवा ती अमलात आणणं. मागे घेतलेली धमकी पुन्हा देता येते, हे तू ओळखतोस. म्हणून आज सकाळी मी कारखान्याच्या मालकांना फोन केला.

सगळं सांगितलं. किती वर्षं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मग दोन वर्षं आमच्या साबणाला वास कोण देतंय?"

मी म्हटलं, "आमच्या वहिनी."

ते हसले का खोकले, मला कळलं नाही. उद्या तुला बोलावतील.

माझा सूड इथे पूर्ण झाला. तो चांगला वाटला. वाटणार नाही असं लोक सांगतात, मला वाटला. यापुढे तुझं बिघडवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही आणि माझ्यापासून झाकण्यासारखं तुझ्याकडेही नाही. तू लिहिलंस तर तुझा काही फायदा नाही, न लिहिलंस तर आणखी तोटा नाही. आता जे लिहिशील त्यावर समितीला विश्वास ठेवता येईल. मलाही.

लिहिलंस तरी ते मला औषधाच्या चाचणीत घेतीलच असं नाही. लसीच्या इतक्या जवळ सुरू झालेला आजार आहे. दोन्हीचा वाटा असेल, सांगता येत नाही, असंही ते म्हणू शकतात. तसं म्हणाले तर मी मान्य करेन. पण समोर तिन्ही घटना ठेवून त्यांनी तसं म्हणावं, दोनच ठेवून नव्हे.

मला हवं आहे ते असं: वास गेला तो दिवस, चाचणीचा दिवस आणि निकाल, आणि मी त्या तीन दिवसांत तुझ्यासमोर बसून त्याच पट्ट्या हुंगल्या होत्या हे. खाली तुझी सही. पत्ता पाकिटावर आहे.

समिती चौदा तारखेला बसते. बारा जुलैपर्यंत उत्तर पाठव.